पाइपाचं माप

दिवाळी उरकली की ग्वाल्हेरात एक सकाळ अशी येते की नळाचं पाणी हाताला चावतं. आदल्या दिवशीपर्यंत पंखा लागत असतो, आणि त्या सकाळी पेटीतल्या रजया काढून गच्चीवर उन्हात टाकाव्या लागतात. डांबराच्या गोळ्यांचा वास, गल्लीत तिळाच्या वड्या विकणाऱ्या गजकवाल्याची पहिली हाळी, आणि किल्ल्याच्या कड्यावर दुधासारखं साचलेलं धुकं. या शहरात थंडी अशी आपलं सामान घेऊनच येते. मी नव्वदीला आले, तरी ती सकाळ आली की मला काहीतरी आठवायचं राहिलंय असं वाटतं. मग आठवतं, आणि वाटतं, राहिलं असतं तरी चाललं असतं.

यंदा ती सकाळ आली तेव्हा माझी नात ईशा घरी होती. ती नोएडात नोकरी करते. तिनं नवी गाडी घेतलीय आणि तिच्यातलं काही ना काही बदलत बसणं हा तिचा छंद आहे. चहा घेता घेता म्हणाली, "आजी, धूर बाहेर जातो ना, तो पाइप बदलायचाय मला. टर्बो है ना इसमें. एक मिस्त्री म्हणतो तीन इंची टाका, दुसरा बोलता है अढाई काफी है. समझ में नहीं आता कुणाचं ऐकू."

मी विचारलं, "तुझं ते टर्बोचं चाक धुराच्या वाटेतच फिरतं ना?"

"हो. धुराच्या जोरावर."

"मग धुराचा जोर तिथेच बराचसा खर्च झाला. पुढे त्याला कोंडू नकोस, मोकळी वाट दे. पण तू जातेस ऑफिसात, शर्यतीत नाही. अडीच पुरे. तीन घातलीस तर शेजारी उठतील, गाडी काही उडायची नाही."

ईशा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "आजी, तुला हे कसं माहीत?"

"भौतिकशास्त्र शिकवायचे ना शाळेत," मी म्हटलं. आणि रजया उलटायच्या म्हणून गच्चीवर गेले.

माझं लहानपण कचेऱ्यांच्या ये-जा करण्यात गेलं. संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं राज्य झालं, तेव्हा ठरलं की हिवाळ्यात राजधानी आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला. त्यामुळे थंडी पडायला लागली की इंदूरहून गाड्या भरभरून कपाटं, खुर्च्या, साहेब, साहेबांच्या बायका, त्यांची लोणच्याच्या बरण्यांची खोकी असं सगळं लश्करात, म्हणजे शहराच्या आमच्या भागात, उतरायचं. इंदरगंजाच्या चौकात टांग्यांची दाटी व्हायची, भाड्याच्या खोल्यांना भाव यायचा. आम्हां मुलांना थंडी म्हणजे नवे शेजारी. आणि मग ते वर्ष आलं ज्या वर्षी राज्यांची नव्यानं वाटणी झाली, राजधानी भोपाळला गेली. थंडी आली. कचेऱ्या आल्या नाहीत. उलट ज्या इथे उरल्या होत्या, त्यांचंही सामान स्टेशनकडे जाताना दिसायचं. ट्रकवर उलट्या घातलेल्या खुर्च्या, आकाशाकडे पाय केलेल्या. आमच्याकडचे म्हातारे ओट्यावर बसून नुसते बघायचे. कुणी मोठ्यानं रडलं-भेकलं नाही. फक्त "गेले," म्हणायचे, "आपल्याला न विचारता गेले."

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, ते संस्थानच्या मोटारखान्यात इंजिनिअर होते. विलीनीकरणानंतर मोटारखाना अर्धा झाला आणि नाना सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपचे अधिकारी झाले. मला भाऊ नव्हता. त्यामुळे पाना दे, स्क्रू धर, दिवा वर कर, ही कामं माझ्याकडे आली, आणि हळूहळू ती कामं राहिली नाहीत, आवड झाली. "तुझे हात बारीक आहेत मंदे," नाना म्हणायचे, "माझा हात जात नाही तिथे तुझा जातो." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "हात बारीक आहेत ते काळे करायला नाहीत." पण त्या ओरडण्यात राग नसायचा.

आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक गाडी होती. आखूड, दोन माणसांची, विलायती. एका सरदारांची. त्यांची जहागीर गेली, गाड्या विकल्या गेल्या, ही मात्र कुणी घेईना, कारण ती वर्षानुवर्षं बंद होती. सरदार नानांना म्हणाले, "तुम्हीच सांभाळलीत, तुम्हीच न्या." ती आमच्याकडे आली तेव्हा दोन बैलांनी ओढत आणली होती, आणि सारी गल्ली हसली होती. पण तिच्या बॉनेटखाली सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. आताच्या टर्बोचा थोरला भाऊ म्हणा. फरक एवढाच की टर्बो धुरावर फिरतो, हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. नाना त्याचं झाकण उघडून आतली पाती मला दाखवायचे तेव्हा त्यांचा आवाज देवघरातल्यासारखा हलका व्हायचा.

त्या वर्षी दसऱ्याला इंजिन सुरू झालं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजातून आले की पदर खोचून थेट शेडमध्ये. इंजिन ठीक होतं, पण धूर बाहेर नेणारा पाइप गंजून गळून पडला होता. त्याचं मूळ माप काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. ते आम्हाला ठरवायचं होतं.

आता हे लिहिताना हसू येतं की कुणाची तरी आयुष्यातली सगळ्यात सुखाची दिवाळी एका पाइपाचं माप ठरवण्यात जावी! पण तशी ती गेली. नानांनी टोपी बाजारातल्या एका दुकानातून नळ्या आणल्या आणि किला गेटपाशी रशीदचाचांची भट्टी होती तिथे वाकवून घेतल्या. नळीत वाळू ठासून भरायची, तोंडं बंद करायची, तापवायची, आणि मग सावकाश वाकवायची, म्हणजे ती चेपत नाही. तापल्या वाळूचा तो कोरडा वास आणि भट्टीच्या आचेनं एका बाजूनं गरम, एका बाजूनं गार झालेला माझा चेहरा. नाना मधूनच आपला मफलर काढून माझ्या कानांवर गुंडाळायचे.

पहिली नळी दीड इंची घातली. गाडी गोड आवाजात सुरू झाली, गल्लीतून सुटताना कशी तरतरीत वाटली. पण उरवाई दरवाज्याच्या बाजूनं किल्ल्यावर जाणारा चढ लागला तशी निम्म्यात गुदमरली. सुपरचार्जर आत हवा कोंबत होता आणि बाहेर जायला वाट पुरत नव्हती. खाली वाकून बघितलं तर नळीचं इंजिनाजवळचं टोक लालसर झालेलं. मग नाना दुसऱ्या टोकाला गेले. अडीच इंची, अथपासून इतिपर्यंत. त्या दिवशी साऱ्या लश्करला कळलं की नानांची गाडी निघाली! कुत्री मागे लागली. मुरारच्या सपाट रस्त्यावर ती अशी पळाली की माझी वेणी सुटली. पण चढावर, हळू वेगात, तिच्यात जीवच राहिला नाही. पाय दाबला तरी ती आळसावल्यासारखी थोड्या वेळानं ऐकायची.

नाना म्हणाले, "मग मधलं घालू. दोन इंची."

गाडी थांबल्यावर मी ओलं फडकं घेऊन नळीला लावत लावत गेले. इंजिनापाशी पाणी चरचरून उडालं. सीटखाली आल्यावर नुसती वाफ झाली. आणि शेपटाशी मला फडक्याशिवाय क्षणभर बोट टेकवता आलं. कॉलेजात नुकतेच वायूंचे नियम झाले होते. मी म्हटलं, "नाना, तापलेला धूर फुगलेला असतो, त्याला जागा जास्त लागते. मागे जाईतो तो गार होतो, आकसतो. मग त्याला शेवटपर्यंत तेवढीच जागा कशाला? तिथे जागा जास्त झाली की तो रेंगाळतो. पुढे अडीच ठेवा, सीटखालून मागे दोन करा."

नाना हसले. "लोक नळी मागे मोठी करत नेतात. तू लहान करायला सांगतेस?"

"फडकं लावून बघा तुम्ही."

त्यांनी लावून बघितलं. दोनदा बघितलं. मग फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि जेवायला गेले. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर ते स्वतः किला गेटहून ती जोडलेली नळी खांद्यावर घेऊन सायकलवरून येत होते.

उरवाईचा चढ ती गाडी कशी चढली ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की स्टिअरिंग माझ्या हातात होतं, एका बाजूला कड्यात कोरलेल्या उंच उंच मूर्ती होत्या, आणि इंजिनाच्या आवाजात कुठेही अडखळ नव्हती. वर पोचल्यावर मी गाडी बंद केली. खाली शहर पसरलेलं, धुराच्या निळ्या रेघा, कुठूनतरी जात्याचा की गिरणीचा आवाज. नाना म्हणाले, "मंदे, हे तुझं माप."

आणि थोड्या वेळानं म्हणाले, "भोपाळला नोकरीत घेतील न घेतील, मला आता त्याचं काही वाटत नाही. नाही घेतलं तर आपण दोघं इंदरगंजात गॅरेज काढू. पाटीवर लिहू, नाना आणि कन्या."

मी हसले. तेही हसले. पण मी ते खरं मानलं. त्या वयात आणि त्या उंचीवर कुणीही मानलं असतं.

आज गच्चीवर रजया उलटताना मला ते वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू आलं. एवढ्या वर्षांनी त्या आवाजात मी खोट शोधत असते. सापडत नाही. त्या क्षणी ते खरंच बोलत होते असंच वाटतं. आणि त्यामुळेच जास्त लागतं.

कारण त्यानंतर आठवड्याभरातच दातेसाहेब आले. ते नागपूरकडचे, नव्या सरकारात भोपाळला मोठ्या हुद्द्यावर बसलेले. जुन्या वर्कशॉपांतल्या कुणाला नव्या राज्यात घ्यायचं, कुणाला नाही, यात त्यांचा शब्द चालायचा. नाना म्हणाले, "साहेबांना गाडी बघायचीय." मला वाटलं, आता हे गाडी बघतील, नानांची किंमत यांना कळेल. मी सकाळपासून पितळ घासत होते, सीटच्या चामड्याला तेल लावत होते. आई बाहेर आली आणि म्हणाली, "पुरे आता. हात धू, लिंबू लाव नखांना. ती जांभळी पैठणी काढून ठेवलीय."

"गाडी दाखवायला पैठणी कशाला?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. "पाहुणे येणारेत," एवढंच म्हणाली.

साहेबांबरोबर त्यांची पत्नी होती आणि मुलगा श्रीधर. मी पोहे घेऊन बाहेर आले, तेव्हा दातेबाईंनी मला जवळ बसवून घेतलं, माझे हात हातात घेतले, आणि मला एका क्षणात सगळं कळलं. रागही लगेच आला नाही. मी नानांकडे बघितलं. ते साहेबांच्या बशीत पोहे वाढले की नाहीत ते बघत होते.

मग सगळे अंगणात गेले. दातेसाहेब गाडीभोवती फिरले. श्रीधरनं दार उघडून बघितलं, बंद करून बघितलं. नाना खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवत म्हणाले, "चालवून बघा ना. तुमचीच आहे आता."

श्रीधरनं गाडी सुरू केली आणि थंड इंजिनावर जोरात पाय दाबला. मी डोळे मिटले. साहेब मात्र जाणकार होते, त्यांनी कान देऊन ऐकलं. वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "वा! मागची नळी बारीक केलीय. असं कुणी करत नाही. हे माप कुणी ठरवलं?"

अंगणात आम्ही सहा माणसं होतो. नानांनी माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मी पैठणीत, नखांना लिंबू लावलेली. मला वाटलं, आता सांगतील. गाडी गेली, ठीक आहे. मला न विचारता मला दाखवायला उभं केलं, तेही एक वेळ ठीक आहे. पण हे तरी सांगतील.

"मीच," नाना म्हणाले. "इतकी वर्षं याच कामात गेली साहेब. धूर तापलेला असताना फुगतो, मागे जाईतो आकसतो." आणि ते हसले. माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत.

दातेबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघ हो, किती हुशार आहेत तुझे वडील."

मी म्हटलं, "हो." मग मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नाना, गाडी तुमची आहे, ती तुम्ही द्या. मी भोपाळला जाणार नाही."

श्रीधरनं इंजिन बंद केलं. गल्लीतला गजकवाला तेवढा ओरडत राहिला. आईनं तोंडाला पदर लावला. नाना घाईघाईनं म्हणाले, "लहान आहे अजून. बोलते काहीतरी." दातेसाहेब रागावले नाहीत, ती माणसं रागावत नाहीत. रुमालानं हात पुसत म्हणाले, "हरकत नाही. मुलीचं काय ते पत्रानं कळवा. गाडी श्रीधर आजच घेऊन जाईल, आम्ही रेल्वेनं जातोच आहोत."

आणि नानांनी मान हलवली. नाही कसं म्हणणार? साहेबांच्या शब्दावर नोकरी होती.

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेली मी ऐकली. चुकीच्या गिअरमध्ये होती.

त्या संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. "तुझ्यासाठीच केलं गं त्यांनी. चांगलं घर होतं. इथे आता काय उरलंय?"

"माझ्यासाठी केलं, की माझ्या जिवावर केलं?"

आई म्हणाली, "दोन्ही एकच असतं बापाचं."

भोपाळहून काही कळलं नाही. ना लग्नाचं, ना नोकरीचं. नानांनी वाट पाहिली. पोस्टमन दिसला की ते कोट घालून उभे राहायचे. शेवटी हुकूम आला तो गुना नावाच्या गावचा. तिथल्या बस डेपोत भांडाराचे प्रमुख. म्हणजे टायर मोजायचे. गाडी परत मागण्याची त्यांची हिंमत झाली नाही, आणि खरं तर मागणार कुठल्या तोंडानं? ते ट्रंक घेऊन एकटेच गुन्याला गेले तेव्हा मी स्टेशनवर गेले नाही. त्यांनाही कुणीतरी फसवलं होतं, हे मला दिसत होतं. पण दया यायला मन थोडं रिकामं लागतं. माझं नव्हतं.

त्यानंतर बी.एस्सी. झालं, शिक्षकीसाठी बी.टी. झालं, लश्करातल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. पुढे लग्न झालं, माझ्या पसंतीनं, गणित शिकवणाऱ्या एका शांत माणसाशी. वाईट काही झालं नाही. शिकवताना वायूंचा धडा आला की मी फळ्यावर नळी काढायची, आणि मुली विचारायच्या, बाई, ही नळी कशाची? मी म्हणायची, कशाचीही समजा. नाना निवृत्त होऊन परत आले. त्याच घरात त्याच शेडखाली खुर्ची टाकून बसायचे. मी आठवड्याला जायची, फळं न्यायची, औषधं बघायची. आम्ही हवेबद्दल बोलायचो, भाज्यांबद्दल बोलायचो. इंजिनाबद्दल एकदाही नाही. दर खेपेला गल्लीत शिरताना वाटायचं, आज बोलतील. माफी वगैरे मला नको होती. त्यांनी एकदा, माझ्या एकटीसमोर का होईना, "ते माप तुझं होतं," एवढं म्हणावं. त्या किल्ल्यावर म्हणाले होते तसं. ते नाही बोलले.

ते गेले तेही याच दिवसांत, अशाच चावऱ्या थंडीत. तेराव्याला गुन्याहून तिवारीजी आले होते. डेपोत नानांच्या हाताखाली काम केलेले, आता स्वतः म्हातारे. उन्हात सतरंजीवर सगळे बसले होते. तिवारीजी डोळे पुसत सांगायला लागले, "हमारे साहब जैसा आदमी नहीं देखा. हर जाड़े में एक किस्सा सुनाते थे. एक मोटर थी उनकी, सुपरचार्जर वाली. पाइप का नाप किसी की समझ में नहीं आ रहा था. साहब ने गीला कपड़ा लेके पाइप को छुआ, आगे से पीछे तक. आगे पानी चर्र से उड़ा, पीछे उंगली टिक गई. बस, समझ गए!" आणि त्यांनी हवेत हात फिरवून ती नळी दाखवली, पुढे रुंद, मागे निमुळती. सगळ्यांनी माना डोलावल्या. नातेवाइकांतलं कुणीतरी म्हणालं, "नानांचं डोकंच तसं होतं."

दातेसाहेबांसमोर बोलले ते भीतीनं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले होते. पण गुन्यात कुणाची भीती होती? दर थंडीत, शेकोटीपाशी, ते माझं फडकं आपल्या हातात घेत होते.

"तिवारीजी," मी म्हटलं, "वो कपड़ा मेरे हाथ में था. नाप मैंने बताया था."

ते थांबले. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी," म्हणाले, "बाप चला जाए तो उसकी हर बात अपनी ही लगती है."

मी आईकडे वळले. ती खांबाला टेकून बसली होती. "आई, तू होतीस ना तेव्हा. तू सांग यांना."

आईनं पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवर टांगलेल्या, नुकताच हार घातलेल्या नानांच्या फोटोकडे बघितलं.

"मला बाई त्यातलं काय कळतं," ती म्हणाली. "पानं घ्या वाढायला, लोक खोळंबलेत."

मी उठले आणि पानं घेतली. पहिलं पान तिवारीजींना वाढलं, कारण ते लांबून आले होते.